बिल्ला क्रमांक २७४१८

मित्रांनो, मी कथलाचा एक जुना बिल्ला आहे. माझ्या अंगावर २७४१८ हा आकडा ठोकलेला आहे. फिजीच्या उसाच्या मळ्यांसाठी कलकत्त्याला मजूर जहाजात भरत होते, तेव्हा मला लखपती नावाच्या बाईच्या गळ्यात बांधले. नाव लखपती आणि गळ्यात कथलाचा बिल्ला! बरोबरच्या बायका हसल्या, तीही हसली.

तिचा नवरा वाटेत तापाने गेला. खलाशांनी आधी त्याचा बिल्ला काढून घेतला, मग त्याला समुद्रात टाकले. "नंबराशिवाय गेले. तिथं त्यांना कोण ओळखणार?" असे ती जन्मभर म्हणायची. म्हणून तिने घरात रीत घातली. कुणी गेले की चितेवर नेईपर्यंत मला त्याच्या छातीवर ठेवायचे. अशी अकरा माणसे मी पोहोचवली. एरवी मी पिठाच्या डब्यात पडून असे, त्याची माझी तक्रार नाही.

पुढे लखपतीची नात धनपती मला पदराच्या गाठीत बांधून मुलाकडे सिडनीला आली. एके दिवशी मुलगा विनेश कागद घेऊन आला.

"अम्मा, जहाजांच्या संग्रहालयात आपल्याकडच्या लोकांचा दिवस आहे. सगळी घरं मुलंबाळं घेऊन येणार. आपला बिल्ला मांडायला मागतायत. इथं सही कर."

"परत देतील ना?"

"मग काय खाणार आहेत का?"

कागद त्यानेही वाचला नव्हता. मळ्याच्या कराराला आमची माणसे गिरमिट म्हणतात. त्यावर लखपतीनेही न वाचताच अंगठा उठवला होता. पण तिला वाचता येत नव्हते.

त्या दिवशी मोठी धमाल होती. ढोलक, मेंदी, समोसे. मुले पुठ्ठ्याचे बिल्ले रंगवून गळ्यात मिरवत होती. मी काचेआड मखमलीवर होतो. डॉक्टरांनी धनपतीला थोडेच महिने सांगितले होते. ती पिशवी उघडून काचेसमोर उभी राहिली. "झालं ना बघून? द्या आता."

संग्रहालयातली एलिन हसली. "आजी, तो तुम्ही आम्हाला कायमचा भेट दिलाय. केवढं मोठं मन तुमचं!"

"भेट? मग माझ्या छातीवर काय ठेवाल रे?"

"हळू बोल, अम्मा. लोक बघतायत."

"बघू देत!"

विनेशने मेजावरचा पुठ्ठा उचलला, माझ्याकडे मान न वळवता रंगखडूने आकडा लिहिला आणि आईच्या गळ्यात घातला. "हा घे. तोच नंबर आहे. फाटला तर दुसरा करू." कुणीतरी फोटो काढला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. धनपतीला नीट दिसत नव्हते. तिने बोटाने आकडा चाचपला, पण खडूचा आकडा बोटाला लागत नाही.

तीन महिन्यांनी विनेश एकटा आला. त्याने एलिनला फोनवर अंत्यसंस्काराचा फोटो दाखवला. अम्माच्या छातीवर तो पुठ्ठा होता. "किती सुंदर," एलिन म्हणाली आणि तिने डोळे पुसले. मी काचेतून आकडा वाचला. २७४८१. त्या दोघांच्या ते लक्षातही आले नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे सगळेच सांगतात. मला फार छान जपले आहे. थंड हवा, मंद दिवा, धुळीचा कण नाही. मी अजून शंभर वर्षे सहज टिकेन. तुम्ही मात्र वस्तू जपायला घेण्याआधी ती कुणाला लागणार आहे, एवढे विचारा. तिकडे लखपती नातीची वाट बघत असेल, आणि ती माझाच नंबर पुकारत असेल.