माझा एक कप्पा कोराच राहिला

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं असेल, तर लगेच नजर वळवलीही असेल. दवाखान्यातल्या शेवटच्या खोलीत टेबलावर एक जुनी लाकडी पेटी असते ना, तीच मी. मूल नको असेल तर काय काय करता येतं, त्याचे सगळे नमुने माझ्या पोटात आहेत. लाजू नका. लाजून काय होतं, तेच तर सांगायचं आहे.

ज्या सुताराने मला घडवलं, त्याला मी कशासाठी हवी आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. बिचाऱ्याला वाटलं, दागिने ठेवायला असेल. त्याने पितळी कडी बसवली, कप्पे पाडले, आतून तांबडी मखमल लावली. त्या मखमलीवर सिस्टरनी गोळ्यांचं पाकीट, तांबी, इंजेक्शनची बाटली आणि कंडोम मांडले. मला तेव्हा फार ऐट वाटली होती. म्हटलं, सोन्यापेक्षा आपलं काम मोठं आहे.

सिस्टर बोलायला हुशार. कडी काढली की त्यांचं सुरू व्हायचं. "तांबी एकदा बसवली की वर्षानुवर्षं बघायला नको, पण सुरुवातीला अंगावरून जास्त जातं. गोळी सोपी, पण रोज आठवणीने घ्यायची. इंजेक्शन तीन महिन्यांनी एकदा, त्याने पाळी पुढेमागे होते. कंडोमने रोगही टळतात, पण तो दर वेळी वापरायला हवा. बाईचं ऑपरेशन पोटाचं, पुरुषाचं त्याहून किती तरी लहान, तो त्याच दिवशी चालत घरी जातो." शेवटचं वाक्य मात्र त्या घाईघाईने उरकायच्या. कारण समोर पुरुष नसायचाच. बायका आत आणि नवरे बाहेर बाकावर, ही तिथली रीत. तशी पाटी कुणी लावली नव्हती हो, पण एकानेही उंबरा ओलांडला नाही. पुरुषाच्या ऑपरेशनचं चित्र माझ्या ज्या कप्प्यात आहे, त्याची मखमल अजून नव्यासारखी आहे. तपासणीला आलेले साहेब तेवढंच बघून म्हणाले, "वा, पेटी काय छान ठेवलीय!" सिस्टर खूश झाल्या. मला मात्र त्या कौतुकाची चीड आली.

एक दिवस कारखान्यात कॉलर शिवणारी एक बाई आली. पदरी तीन लेकरं, तिन्ही पोट फाडून झालेली. ओठ पांढरेफटक. पुन्हा दिवस गेले तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी तिला आणि तिच्या सासूला बजावलं होतं. नवरा ट्रक चालवायचा. तो बाहेर बाकावर बसून मोबाइल बघत होता.

"तुझ्या अंगात रक्तच नाही बघ," सिस्टर म्हणाल्या. "तांबीने आणखी जाईल. तुझं ऑपरेशनही आत्ता नको. खरं तर नवऱ्याने करून घ्यावं. घरी गेल्यावर बोल त्यांच्याशी."

"मी बोलू? अहो सिस्टर, उभं चिरतील मला! तुम्हीच सांगा ना, ते काय बाहेरच बसलेत."

सिस्टरनी दाराकडे पाहिलं. बाहेर चार-पाच पुरुष होते. त्या जराशा लाल झाल्या आणि म्हणाल्या, "बरं, सध्या गोळ्या घे. पुढचं पुढे बघू."

अहो, दहा पावलांवर होता तो! मला हातपाय असते तर कडी तोडून गेले असते आणि त्याच्या मांडीवर जाऊन आदळले असते.

बरेच महिने ती फिरकली नाही. आली तेव्हा पोट दिसायला लागलं होतं. पिशवीतून तिने गोळ्यांची पाकिटं काढली, अर्ध्याहून जास्त भरलेली. सिस्टरनी कपाळावर हात मारला. "अगं, या घेतल्या का नाहीस?"

"घेतल्या की. ते गाडीवरून घरी आले की मी न चुकता घ्यायची. ते नसताना कशाला उगाच गोळी वाया घालवायची?"

काटकसर करणारी बाई ती. उरलेल्या दोऱ्यानेही बटण लावणारी. गोळी नवरा घरी असो नसो, रोजच घ्यायची, एवढं एक वाक्य तिला कुणी सुटं करून सांगितलं नव्हतं. आणि दिवस राहिल्याचं कळल्यावर सासूने "असू दे, होईल सगळं नीट" म्हणत तिला घरातच बसवून ठेवलं होतं. डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. तिथे बाळंतपणात रक्तस्राव थांबला नाही. ती गेली. मूलही गेलं.

महिन्याभराने तिचा नवरा कसल्या तरी दाखल्यासाठी आला आणि चुकून आमच्या खोलीत शिरला. सिस्टरचा इतक्या दिवसांचा संताप उफाळून आला. माझी कडी खाडकन काढून त्यांनी ते चित्र त्याच्यासमोर धरलं. "एवढंसं काम होतं तुमचं! एवढंसं! ती वाचली असती."

त्याने चित्र हातात घेतलं. उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाला, "हे मला कुणी सांगितलंच नाही, सिस्टर."

सिस्टर खाली बसल्या. मला तर वाटलं होतं, तो ओरडेल, चित्र भिरकावेल, आपल्या मर्दानगीच्या गप्पा ठोकेल. मग मी त्याला मनसोक्त शिव्या दिल्या असत्या. पण तो खोटं बोलत नव्हता हो. विचारलं असतं तर तो कदाचित नाही म्हणाला असता. कदाचित हो म्हणाला असता. आता कुणाला कळणार?

म्हणून मित्रांनो, माझी धूळ पुसा, कडीला तेल घाला, असलं काही मी मागत नाही. मला उचला आणि बाहेर न्या. बाकावर जे कुणी बसले असतील, त्यांच्यासमोर उघडा. ते उठून गेले तर जाऊ देत, पण त्यांना ऐकून तरी जाऊ द्या.