पाखरांचा वाटा

बदरुद्दीनभाई श्रीवर्धनचे. बावीस वर्षं आखातात, अल ऐनच्या वाटेवरच्या एका शेतावर फोरमन. तोंड भारी चालायचं त्यांचं, आणि अरबीसुद्धा अशी सफाईची की मालकानंच म्हणावं, "हबीबी, तू इथलाच." शेतावरच्या मजुरांत अरबी येणारे ते एकटेच, म्हणून सगळ्यांचं बोलणं तेच पोचवायचे, आपल्या पदरचे चार शब्द घालून. तिथं राबणारा पारनेरचा तुकाराम मात्र सहा शब्दांवर सहा वर्षं काढत होता. यल्ला, खलास, इन्शाल्ला, शुक्रान, आणि हो-नाहीसाठी ऐवा आणि ला.

पण माणूस पेरणीत असा पक्का! जव फोकून पेरायचा तर मुठीतून दाणे कसे सारखे उडायचे, बघत राहावं. पेरणी संपली की कोपऱ्यातल्या गाफच्या झाडाखाली चार ओंजळी जव टाकायचा आणि हात जोडायचा. "पाखरांचा वाटा," म्हणायचा.

"अरे येड्या, पाखरं काय तुला पगार देतायत?" भाई चिडवायचे.

"भाई, आमच्याकडं वाटा दिल्याशिवाय पेरणी पुरी होत नाही."

हिवाळ्यात ओलाव्याला रानबदकं उतरली. मग एका सकाळी वन्यजीव खात्याचा इन्स्पेक्टर दारात! कुंपणाबाहेर काडतुसांची दोन रिकामी नळकांडी सापडली होती. रानपाखरं मारायला बंदीच. पेरलेल्या रानात बदकं आपणहून आली तर शेतकऱ्याचा दोष नाही. पण मुद्दाम दाणे टाकून बोलावली तर तो शिकाऱ्याचा साथीदार. इन्स्पेक्टरनं हे शांतपणे सांगितलं आणि गाफखालच्या जवांकडं बोट केलं.

"हे कोणी टाकलं?"

भाईंनी तुकारामकडं पाहिलं. साथीदार ठरला तर तुकारामचा व्हिसा गेला, आणि गावाकडं त्याच्या लेकीचं नर्सिंगचं शिक्षण अर्ध्यावर. ते तुकारामला मराठीत म्हणाले, "सांगतो पोतं फाटलं. तू गप्प राहा, बाबा."

"का? मीच टाकलंय ना."

"गप्प!" आणि अरबीत, गोड हसून, "पोतं फाटलं, साहेब. सांडलं."

तुकारामनं नाही म्हणून मान हलवली. अरबी कळत नव्हती, पण भाईंचं हसू त्याला ओळखता येत होतं. पुढं होऊन त्यानं छातीवर हात ठेवला, मुठीनं दाणे फेकल्याची खूण केली आणि म्हणाला, "ला, ला! मी."

झालं! भाईंनी कपाळाला हात लावला. आता ह्याला देवच वाचवो. पण मनात कुठंतरी, खरं सांगायचं तर, ऊर भरून आला त्यांचा.

"का टाकलं?" इन्स्पेक्टरनं विचारलं. भाईंनी मुकाट्यानं ते तुकारामला मराठीत विचारलं, आणि त्याचं उत्तर नेहमीसारखं घोळवून अरबीत सांगितलं, "पाखरांचा वाटा म्हणून."

"कुठल्या पाखरांचा?"

तुकारामनं त्याला झाडाखाली नेलं आणि उकिडवा बसला. भिजलेल्या वाळूत पावलांचे ठसे होते. होल्यांचे, चिमण्यांचे, पुढची तीन बोटं सुटी. मग त्यानं शेतात नेलं. तिथल्या चिखलात बदकांचे ठसे, बोटांमध्ये पडदा. झाडाखाली असा एकही ठसा नव्हता.

"बदकाला उडायला मोकळं लागतं," तुकाराम म्हणाला. "झाडाच्या फांद्यांत ते कशाला शिरेल? मला बदकं बोलवायची असती तर मी उघड्यावर टाकलं नसतं का? सांगा की भाई, साहेबाला."

भाईंनी आपल्या पदरचं थोडं घालून सांगितलं. इन्स्पेक्टर उकिडवा बसला, एकेक ठसा बोटानं तपासत राहिला. उठला तेव्हा गुडघ्यांना चिखल होता. "माझी आजी भिंतीवर खजूर ठेवायची, पाखरांसाठी," तो म्हणाला. "ह्याचा दोष नाही. पण बदकं जाईपर्यंत वाटा बंद." भाईंनी हे मराठीत सांगितल्यावर तुकारामनं मान डोलावली.

सुटलो! भाई श्वास सोडतात तोच इन्स्पेक्टर त्यांच्याकडं वळला. "आणि पोतं? ते कुठलं फाटलं होतं?"

भाई उगाच इकडंतिकडं फाटकं पोतं शोधू लागले. बावीस वर्षांची अरबी, एक शब्द आठवेना. तुकारामला सूर कळला.

"भाई, साहेबाला सांगा, भाई माझ्यासाठी खोटं बोलले. माझी लेक शिकतीय हे त्यांना माहीत आहे. त्यांना रागवू नका म्हणावं. शिक्षा द्यायची तर मला द्या."

इन्स्पेक्टर थांबला. "काय म्हणतोय?"

भाई इन्स्पेक्टरकडं वळले. आणि मग, शेतावर आल्यापासून पहिल्यांदा, बदरुद्दीनभाईंनी एक शब्दही न बदलता सगळं अरबीत सांगितलं.