हे कोणालाही सुचलं असतं

ऑफिसात माझ्या पाठीमागे मला 'नकारमावशी' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. भिंतींना कान असतात तसे माझ्या टेबलालाही आहेत. पेटंटचे अर्ज तपासायचं काम मी बावीस वर्षं करते आहे. लोक आपला शोध कागदावर मांडून पाठवतात आणि 'हा आमचा, आम्हाला विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणी वापरायचा नाही' असा हक्क मागतात. गोष्ट खरंच नवी आहे का ते आम्ही बघायचं. आणि नवी असली तरी त्या कामातल्या कुणाही जाणत्या माणसाला ती सहज सुचण्यासारखी तर नाही ना, तेही बघायचं.

पहिलं सोपं असतं. जुना कागद शोधून समोर ठेवला की तोंडं बंद होतात. दुसरं मात्र अवघड. कायद्यातला हा जो 'जाणता माणूस' आहे ना, तो प्रत्यक्षात कुठेच राहत नाही. जगातला प्रत्येक जुना कागद त्याने वाचलेला असतो, त्याला सगळं आठवत असतं, आणि स्वतःची कल्पना म्हणून डोक्यात एकही येत नाही. आमच्यातले थट्टेखोर म्हणतात, हा कधी सापडलाच तर आपल्याच खात्यात नोकरीला लागेल.

माझ्याकडे बिनतारी जोडणीचे अर्ज येतात. आजूबाजूला चार नेटवर्कं असताना फोनने त्यातलं कुठलं धरावं, या एवढ्याशा प्रश्नावर माणसांनी कागदाची किती रिमं खर्ची घातली आहेत ते माझ्या कपाटाला विचारा. त्या ढिगात एके दिवशी अकरा पानांचा एक अर्ज आला. वकील नाही, एजंट नाही. आकृत्या पट्टी धरून पेन्सिलीने काढलेल्या. अर्जदार होता रुग्णवाहिकांमधली यंत्रं दुरुस्त करणारा एक कारागीर, आणि त्याच्या जोडीला दुसरा शोधक म्हणून त्यातल्याच एका रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर.

त्यांचं म्हणणं असं. रुग्णवाहिकेत एक पेटी असते. पेशंटच्या हृदयाचा आलेख, ती ईसीजीची रेघ, ती पेटी गाडी धावत असतानाच हॉस्पिटलला पाठवते, म्हणजे पेशंट पोचायच्या आत डॉक्टर तयारीत राहतात. पेटीत तीन कंपन्यांची सिमकार्डं असतात आणि ज्या कंपनीची रेंज सगळ्यात तगडी तिला ती चिकटते. पण गाडी पळत असते. आत्ता पाच काड्या दाखवणारं नेटवर्क पुढच्या वळणावर टेकडीआड गेलं की गळपटतं, पेटी दुसरं शोधत बसते, आणि तेवढ्यात रेघ तुटते. या दोघांच्या पेटीने आधीच्या फेऱ्यांची आठवण ठेवायची आणि हॉस्पिटलच्या दारापर्यंत जे टिकेल ते नेटवर्क धरायचं, मग त्याची रेंज एकच काडी का असेना. ईसीजीची रेघ हलकी असते, तिला एक काडी पुरते.

मी वाचलं आणि मनात म्हटलं, त्यात काय! दोन जुने कागद काढले. एकात सगळ्यात तगडं नेटवर्क निवडायची रीत होती, दुसऱ्यात कुठलं नेटवर्क कुठे तुटतं त्याची नोंदवही ठेवायची रीत. दोन्ही जोडले की झाला यांचा शोध. हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी अहवालात लिहिलं: 'या कामातील कोणाही जाणत्या माणसाला हे सहज सुचले असते.' खाली सही ठोकली आणि जेवायला गेले.

उत्तर आलं ते अर्ध्या पानाचं. 'या कामात मी सोळा वर्षं आहे. आपल्या अहवालातील एका वाक्याबद्दल समक्ष विचारायचं आहे.' बस्स. मुद्द्याचा पत्ता नाही, कलमाचा उल्लेख नाही. मी वैतागले. असल्या माणसांनी निदान एखाद्या शहाण्याला विचारून तरी लिहावं! पण सुनावणी मागितली की द्यावी लागते, आणि त्या सुनावणीनंतर फेटाळलेला अर्ज बहुतेक कायमचा संपतो. गुरुवारची तारीख दिली.

सुनावणीची खोली म्हणजे एक टेबल, चार खुर्च्या आणि गाड्या लावायच्या जागेकडे उघडणारी खिडकी. दोघं वेळेच्या आधीच येऊन बसले होते. कारागीर चाळिशीचा, नखांच्या कडांना काळपट तेल मुरलेलं, अंगात इस्त्रीचा शर्ट. ड्रायव्हर पन्नाशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा, गप्प. कारागिराने प्लास्टिकच्या फाइलमधून माझा अहवाल काढला. एका वाक्याखाली लाल रेघ होती.

"बोला, तुमचं म्हणणं काय?" मी विचारलं.

"म्हणणं काही नाही, मॅडम. एवढंच विचारायचंय, हा जो जाणता माणूस तुम्ही लिहिलाय, तो मीच ना?"

"छे, तो कायद्यातला माणूस आहे. काल्पनिक."

"पण काम तर माझंच लिहिलंय. रुग्णवाहिकेतल्या पेट्या बघणारा. आमच्याकडे ते काम करणारा मी एकटाच आहे." तो लाल रेघेवर बोट ठेवून बसला. "पेटी मी उघडली होती, मॅडम. आठवडाभर आधी. साफ केली, तपासली, आणि सगळं ठीक म्हणून सही केली."

"कशाच्या आठवडाभर आधी?"

त्याने बाजूच्या माणसाकडे पाहिलं. "हे माझे दाजी. माझी ताई यांची बायको. तिला छातीत दुखायला लागलं तेव्हा जवळची गाडी यांचीच होती."

"मीच चालवत होतो," ड्रायव्हर म्हणाला. त्या खोलीत तोवर तो एवढंच बोलला होता.

मग कारागिराने सांगितलं, न थांबता, जणू पाठ केलेलं. उतारावरच्या वळणाला रेघ तुटली. पुढची सात मिनिटं हॉस्पिटलला काही दिसलंच नाही. तिथल्यांना वाटलं साधं दुखणं असेल, त्यांनी साधी खाट तयार ठेवली. गाडी पोचल्यावर मग धावपळ, हृदयाच्या डॉक्टरांना बोलावणं, आणि तोवर उशीर. त्यानंतर चौदा महिने सुट्टीच्या दिवशी दोघं त्याच रस्त्यावरून येरझाऱ्या घालत राहिले, एकाने गाडी चालवायची आणि दुसऱ्याने पेटी मांडीवर घेऊन आकडे लिहायचे. तिथून हा अर्ज.

"सगळे म्हणायचे, तुझी काय चूक, कोणाला सुचणार होतं असलं. मी पण तेच धरून चाललो होतो," तो म्हणाला. "मग तुमचा कागद आला. सरकारी कागद. त्यात लिहिलंय की सहज सुचलं असतं. मग मला का नाही सुचलं? सोळा वर्षं मी काय झोपा काढत होतो?"

"हे कायद्याचे शब्द असतात हो, मनाला लावून घेऊ नका," मी म्हणाले. असलं गुळमुळीत वाक्य माझ्या तोंडून निघाल्याची मला तेव्हाच लाज वाटली.

"पेटंट नसेल मिळायचं तर नका देऊ, मॅडम. पण खरं काय ते सांगा. सुचायला हवं होतं का?"

मी 'निर्णय कळवू' म्हणाले आणि उठले. जिन्यात उभी राहून आधी चांगली चिडले. त्याच्यावर चिडले, की ऑफिसात येऊन असं कोणी विचारतं का. मग स्वतःवर चिडले. बावीस वर्षांत ते वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल! ते वाचणारा माणूस त्यात स्वतःला शोधेल हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

पण एक सांगते. कीव आली म्हणून पेटंट देता येत नाही. तसं दिलं असतं तर ते खोटं ठरलं असतं, आणि त्या माणसाला नेमकं खोटंच नको होतं. त्याची समजूत काढणारे घरीदारी भरपूर होते.

घरी आमचे हे गणिताचे मास्तर. त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर वह्या तपासत बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी लाल पेन बाजूला ठेवलं.

"तू आधी काय वाचलंस? त्याचा अर्ज की ते जुने कागद?"

"अर्ज. अर्ज वाचल्याशिवाय जुनं काय शोधायचं ते कसं कळणार?"

"म्हणजे पुस्तकाच्या मागचं उत्तर बघून गणित सोडवलंस. आमची पोरं हेच करतात आणि वर म्हणतात, सोपं होतं की, सर!"

मला राग आला, कारण ते खरं होतं. आमच्या धंद्यातली ही जुनीच खोड आहे, नव्या पोरांना मीच त्याबद्दल बजावत असते. काखेतला कळसा दुसऱ्याने दाखवून दिला की गावाला वळसा घालणारा प्रत्येक जण मूर्ख वाटतो. अहो, पण दाखवून देईपर्यंत आपणही त्याच वळशात होतो ना!

शुक्रवारी अर्ज कपाटात बंद केला, किल्ली शिपायाकडे दिली आणि म्हटलं, चारपर्यंत मागितली तरी देऊ नकोस. त्याला वाटलं बाईंचं डोकं फिरलं. मग दोन जुने कागद घेतले, जो आधीचा तो आधी, आणि पहिल्या ओळीपासून वाचत गेले, जणू टेकडी आणि वळण मला ठाऊकच नाही.

पहिल्या कागदात स्वच्छ लिहिलं होतं की दुबळं नेटवर्क कामाचं नसतं. दुसऱ्यात नोंदवहीची रीत होती, मी अहवालात उतरवून घेतलेली तीच. पण त्या वाक्याच्या वर आणखी एक वाक्य होतं: ठरावीक पातळीखालची नेटवर्कं प्रथम वगळावीत. आणि मग माझं वाक्य सुरू होत होतं, 'उरलेल्यांमधून नोंदवही पाहून निवड करावी.'

उरलेल्यांमधून! हा शब्द मी पहिल्या वेळी वाचला होता. माझ्या पेन्सिलीची रेघ त्याच्या बरोबर पुढच्या शब्दापासून सुरू झाली होती. मला नोंदवही हवी होती, म्हणून मला नोंदवही दिसली. ते एका काडीचं नेटवर्क, ज्याच्या जिवावर यांचा सगळा शोध उभा होता, ते या कागदाने पहिल्याच पायरीवर घराबाहेर काढलं होतं. दोन्ही कागद जोडले असते तरी त्याच्यापर्यंत कोणी पोचलं नसतं. उलट त्याच्यापासून लांबच गेलं असतं. मी आणखी तीन दिवस शोधलं. चाळीस-एक कागद. दुबळ्याला जाणूनबुजून धरा, असं या दोघांच्या आधी कोणी म्हटलेलं सापडलं नाही.

साहेबांकडे गेले. निर्णय मी लिहायचा आणि सही त्यांची, अशी आमची रीत.

"नकार मागे घेताय? तुम्ही?" साहेब खुर्चीत सरळ बसले. "पातळी जरा खाली आणली की झालं, एवढंच ना? ते कोणीही करेल."

"का करेल, साहेब? दोन्ही कागद म्हणतात दुबळं टाकून द्या. टाकून दिलेलं परत उचलायला काही कारण लागतं. ते कारण कुठल्याच कागदात नाही, ते यांना रस्त्यावर सापडलं."

त्यांनी दोन्ही कागद मागून घेतले आणि तो परिच्छेद दोनदा वाचला. "बरं. द्या मंजुरी. पण हे खाली पानभर काय लिहिलंय? मंजुरीला कारणं कोण लिहितं? नुसतं प्रमाणपत्र जातं."

"या वेळी कारण जाऊ दे."

"त्यात तुम्ही स्वतःची चूक लिहिली आहे, मॅडम. ती फाइलमध्ये कायम राहील. उद्या कोणी तुमच्या तोंडावर फेकेल."

"फेकू देत."

त्यांनी पेन काढलं आणि सही केली.

पाकीट गेल्यावर पाचव्या दिवशी दुपारी फोन आला. कारागीर होता. मागे गॅरेजातला ठोकाठोकीचा आवाज येत होता, तो त्याने कोणाला तरी सांगून थांबवला.

"मॅडम, कागद मिळाला. वाचतो हं." आणि त्याने मला माझंच वाक्य वाचून दाखवलं, पहिलीतलं मूल वाचतं तसं, एकेक शब्द सुटा करून: "'पूर्वीच्या अहवालातील निष्कर्ष चुकीच्या वाचनावर आधारलेला होता. या कामात मुरलेल्या जाणत्या माणसालाही अर्जाच्या तारखेस हे सहज सुचले नसते.'" तो थांबला. "यात अर्जाच्या तारखेस म्हटलंय. ताई त्याच्या चौदा महिने आधी गेली."

कायद्यात तारीख तीच लागते, म्हणून मी ती लिहिली होती. तो तिथेच जाऊन अडेल हे मला सुचलं नव्हतं.

"नीट ऐका," मी म्हणाले. "चौदा महिने त्या रस्त्यावर घासल्यानंतरच्या दिवशीसुद्धा जे जगात कोणाला सहज सुचण्यासारखं नव्हतं, ते त्याच्या आधी कुठून सुचणार होतं? तुम्हाला सुचायला हवं होतं का, असं विचारलं होतंत ना? नाही. नव्हतं सुचण्यासारखं. हे मी समजूत घालायला सांगत नाही, मी ते तपासलंय."

पलीकडे फोन कुठेतरी टेकवल्याचा आवाज झाला, नळ सुटल्याचा आवाज झाला, मग कोणीतरी फोन उचलला. ड्रायव्हर होता.

"तोंड धुतोय तो," तो म्हणाला. "मॅडम, दीड-दोन वर्षं मी त्याला रोज हेच सांगतोय. बायको माझी गेली आणि समजूत मी याची घालतोय. पण माझं त्याला खरं वाटायचं नाही. म्हणायचा, दाजी, तुम्ही माया करता म्हणून बोलता. तुम्ही तर त्याच्या कोणी नाही ना? आता ऐकेल."