घरटी एक

बेकरीत केकवर नावं लिहायचं काम तिच्याकडे होतं. क्रीमची पिशवी मुठीत धरायची, श्वास रोखायचा आणि एका दमात लिहायचं. अक्षर असं की नावावर सुरी चालवायला गिऱ्हाइकं कचरायची. अलीकडे मात्र एकच नाव तिला सारखं लिहावं लागत होतं. कुठल्याशा मालिकेतल्या गोंडस पोराचं ते नाव. मालिका केव्हाच संपली, पण नावाची साथ काही ओसरली नव्हती. मुलाचा पहिला वाढदिवस म्हटला की तेच.

"आईबापांनी डोकी गहाण ठेवलीत की काय?" मालक म्हणायचा.

ती हसायची नाही. तिच्या मुलाचं नाव तेच होतं.

तो जन्मला तेव्हा ते कुणी ऐकलंही नव्हतं. सातव्या महिन्यात पडून राहायला सांगितलं होतं, तेव्हा छताकडे बघत, अक्षरं इकडची तिकडे करत तिनंच ते जुळवलं होतं. नवऱ्यानं नाक मुरडलं होतं. "हे नाव आहे की खोकल्याचं औषध?" सासू नातवाला नुसतं 'बाळ' म्हणायची. ती सगळ्यांना पुरून उरली. पुढे नवराच घर सोडून गेला. "आपलं जमत नाही" एवढंच म्हणाला. आधी मुलाला भेटायला यायचा, मग फोनवर भागवू लागला, मग तेही राहिलं. त्यानं दुसरं लग्न केल्याचं तिला तिऱ्हाइताकडून कळलं.

एका शनिवारी दुपारी ती काउंटरमागे वाकून काम करत होती. समोर कुणीतरी खाकरलं. तिनं मान वर केली, तर तोच, सोडून गेलेला नवरा.

"तू? इथं कामाला?" तो गांगरला.

"केक हवाय ना? काय लिहू?"

त्यानं खालच्या आवाजात नाव सांगितलं. मुलाचा वाढदिवस पुढच्या महिन्यात होता. म्हणजे आठवण ठेवली होती यानं.

"अजून अवकाश आहे त्याला," ती जरा मऊपणानं म्हणाली.

"त्याच्यासाठी नाही. धाकट्यासाठी. वर्षाचा होतोय."

तिला समजायला थोडा वेळ लागला. "तेच नाव ठेवलंस?"

"तिनं निवडलं. हल्ली फार चालतं ना."

"आणि तू नको म्हणाला नाहीस?"

"काय कारण सांगणार होतो?"

"का? एक मुलगा आहे, त्याचं हेच नाव आहे, हे सांगता आलं नाही?"

तो काचेतल्या पेस्ट्र्यांच्या किमती वाचू लागला.

"तिला माहीतच नाही?"

"आधी लग्न झालं होतं, एवढं सांगितलंय."

तेवढ्यात दार ढकलून एक तरुण बाई आत आली. कडेवर गुटगुटीत मूल. "अहो, किती वेळ! हा रडायला लागला." मग काउंटरपाशी येऊन तिनं मांडून ठेवलेले केक बघितले. "ताई, हे सगळं तुम्ही लिहिता? काय सुरेख हात आहे! आमच्याही केकवर मोठ्ठं लिहा हं."

ती लिहू लागली. बाई कौतुकानं बघत होती.

"तुम्हाला मुलं?"

"एक मुलगा."

"नाव काय त्याचं?"

तो पाकीट काढता काढता थांबला. तिनं त्याच्याकडे सरळ बघितलं आणि नाव सांगितलं.

बाई खळखळून हसली. "अगं बाई! घरटी एक झालाय हल्ली! ऐकलंत का अहो, यांचाही तोच. केवढा आहे?"

"अकराचा होईल."

"अय्या, तेव्हाही होतं हे नाव?"

"तेव्हा एकच होता," ती म्हणाली.

"बघा, मालिकेवाल्यांनी तुमचंच ढापलं!" बाईनं बाळाचा हात धरून तिला टाटा करायला लावला. बाळ हसलं. हनुवटी सासूसारखी होती. बाळाच्या बापानं पैसे ठेवले, सुटे न घेता खोका उचलला आणि तो बाहेर पडला.

रात्री जेवताना मुलानं विचारलं, "आई, तू गप्प का?"

सांगायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. तरी सगळं सांगून झालं.

"बाबांचं बरंय," तो म्हणाला. "नवीन नाव पाठ करायला नको."

ती त्याला रागावणार होती, पण कशाबद्दल रागावायचं ते तिला सुचेना. तिनं त्याला आणखी भाजी वाढली. ती त्यानं तशीच ठेवली.

सोमवारी तिनं मालकाला सांगितलं, "मला भट्टीवर घ्या. नावं लिहिणार नाही."

"वेड लागलंय का? तुझ्या अक्षरावर गिऱ्हाईक येतं."

"मग कामावरून काढा."

मालकानं काढलं नाही, भट्टीवर घेतलं. नावं लिहायला एक नवी मुलगी आली. तिचं अक्षर बेताचंच होतं. गिऱ्हाईक एकही कमी झालं नाही.