सैल झालेला पट्टा

मित्रांनो, मी कमरेचा एक जुना पट्टा आहे, अस्सल कातड्याचा, पितळी बकलाचा. मला सात भोकं आहेत. त्यातली पाच कारखान्यातच पडली. ही गोष्ट उरलेल्या दोन भोकांची आहे.

यशवंतदादा एसटीत ड्रायव्हर म्हणून लागले, तेव्हा त्यांनी मला सोलापूरच्या नवी पेठेतून आणलं. त्या वेळी मी दुसऱ्या भोकात आरामात बसायचो. पुढं अक्कलकोटच्या गाडीवर दिवसभर बैठक, प्रत्येक स्टँडवर गोड चहा आणि भजी. दादांचं पोट माझ्यावरून खाली उतरू लागलं. पाचवं भोकही पुरेना, तेव्हा मोच्यानं आरीनं सहावं पाडलं.

तीन वर्षांपूर्वी एका आरोग्य शिबिरात त्यांची सोनोग्राफी झाली. रिपोर्टात फॅटी लिव्हर निघालं, म्हणजे यकृतावर चरबी. वजन उतरवा, साखर तपासा, दर वर्षी दाखवायला या, असं डॉक्टरांनी सांगितलं. दादांनी तो कागद पिशवीत घातला आणि मी ज्या खिळ्यावर लटकतो, त्याच खिळ्याला माझ्या मागे अडकवून टाकला. का, ठाऊक आहे? लाज वाटली म्हणून. दादा दर रविवारी विहारात मुलांना पंचशील शिकवायचे, त्यात दारू पिऊ नये हेही आलंच. दारूला ते कधी शिवले नव्हते.

"लिव्हर म्हटलं की लोक म्हणतील, चोरून पितोय," असं ते एकटेच पुटपुटले. न पिणाऱ्याच्याही यकृतावर चरबी साठते, हे त्यांना कुठं माहीत होतं! आणि मी बावळट तो कागद झाकून तीन वर्षं लटकत राहिलो.

यंदा उन्हाळ्यात मी सैल पडू लागलो. डेपोत कंडक्टर शहाजी म्हणाले, "काय यशवंतराव, लई बारीक झालाय की! काय खाताय, आमाला पण सांगा."

दादा हसले. खरं सांगतो, मलाही मिरवावंसं वाटलं. पण दादांनी ना चहा सोडला होता, ना चालणं सुरू केलं होतं. ते अर्धी भाकरी टाकून उठायचे. संडासला रक्त पडायचं, तर मूळव्याध असेल म्हणून सोडून द्यायचे. मला सगळं कळत होतं, पण मला तोंड कुठं आहे?

शेवटी मी पहिल्या भोकातही थांबेना. मोच्याकडे न्यायला म्हणून त्यांच्या पत्नी येसूबाईंनी मला खिळ्यावरून काढलं आणि मागची पिशवी खाली पडली. त्यांनी कागद वाचला.

"अवं, हे काय हाय? तीन वर्सं झाली की!"

"लोक दारुड्या म्हणले असते, येसू."

"म्हणू द्या की! मला तरी सांगायचं. आणि ही कंबर कशानं उतरली?"

जेवण जात नाही, हे दादांनी आधी कबूल केलं. मग रक्ताचंही सांगितलं.

पहिल्याच्याही अलीकडे, बकलाच्या बाजूला सातवं भोक पाडून मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेलो. तपासणीत मोठ्या आतड्यात गाठ निघाली, कॅन्सरची. डॉक्टरबाई म्हणाल्या, "फॅटी लिव्हर असलेल्या प्रत्येकाला हे होत नाही. पण अशा लोकांत आतड्याचे कॅन्सर जरा जास्त आढळतात. तुम्ही दर वर्षी येत राहिला असता, तर कदाचित लवकर सापडलं असतं."

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी दादा विहारात मुलांसमोर आणि त्यांच्या आईवडिलांसमोर उभे राहिले. हातात तोच कागद होता.

"मी पीत न्हाय, तरी माझं लिव्हर खराब हाय. मी लाजलो, म्हणून उशीर झाला. तुमी लाजू नका."

मग तो कागद त्यांनी पुढच्या रांगेत वाचायला दिला.

मित्रांनो, घरात कुणाचा पट्टा आपोआप सैल झाला, तर कौतुक करण्याआधी विचारा, कशानं झाला. आमच्याकडे हे विचारायला फार उशीर झाला.

आज सकाळी दादा दवाखान्यात भरती झाले. ते बरे होतील का, मला ठाऊक नाही. मला फार भीती वाटते. जाताना येसूबाईंनी मला पुन्हा खिळ्यावर अडकवलं. माझ्या मागे आता नुसती भिंत आहे.