कडेची दोन बटणं

गालिच्यांच्या गोदामावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. आजारी तान्हं मांडीवर घेऊन दवाखान्यात बसावं, तसा जो तो आपला थिजलेला फोन घेऊन बसला होता. कुणाचा पडदा एकाच फोटोवर अडकलेला, कुणाचा बोट झिजवलं तरी ढिम्म. आणि समोर उंच कोचावर, फिकट निळ्या झग्यात स्पर्शबुवा.

"आधी कव्हर काढा," बुवा म्हणाले. "कव्हर म्हणजे अहंकार. तो घालून माझ्यापुढे यायचं नाही."

एका शिवणकामवाल्या बाईंनी नखांनी ओरबाडून कव्हर काढलं. बुवांनी त्यांचा फोन मखमली फडक्याखाली घेतला.

"डोकी खाली, डोळे मिटा. जो बघेल त्याचा फोन कायमचा जाईल."

सगळा हॉल वाकला. "जड ते हलो, हलले ते बोलो, बोलले ते चालो." संथ सुरात हे तीनदा झालं आणि फडक्याखाली फोन गुणगुणला. पडदा उजळला. बाई रडायलाच लागल्या. ज्याचा फोन चालू झाला नाही, त्याला बुवा हळूच सांगायचे, "तुझं जड फार जुनं आहे, पुन्हा ये." म्हणजे झाला तर बुवांचा प्रताप, नाही झाला तर तुमचं पाप. चित भी बुवांची, पट भी बुवांची.

आत्या तेवढी वाकली नव्हती. दाराशी चपलांच्या ढिगाजवळ ती उभी होती आणि तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. लहान मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून तिची हयात गेली होती. फोनशी तिला काही देणंघेणं नव्हतं. ती आली होती पहिल्या रांगेत वाकवून बसवलेल्या भाचीसाठी. सकाळीच वहिनीने दबक्या आवाजात कळवलं होतं, "वन्सं, ह्यांनी पोरीच्या फिटच्या गोळ्या बंद केल्यात. बुवांनी सांगितलं म्हणून. माझं काही ऐकत नाहीत."

मंडळी पाणी प्यायला उठली तसं आत्याने भावाला कोपऱ्यात गाठलं.

"ताई, तुला नाही कळायचं," भाऊ म्हणाला. तो पार्सलं पोचवायचा. "माझा फोन हँग झाला तेव्हा गाडी भरून पार्सलं आणि पत्ते सगळे फोनमध्ये. दुरुस्तीवाला म्हणाला, ठेवून जा. बुवांनी बसल्या जागी चालू केला."

"म्हणून पोरीच्या गोळ्या बंद?"

"फोन अडकतो तशीच पोरगी अडकते म्हणाले. आत जड साचलंय. गोळ्यांनी ते आणखी घट्ट होतं."

"अरे, त्या गोळ्या सुरू झाल्यापासून तिला वर्षभर फिट आली नाही. हे तुला दिसलं नाही, आणि फोन उजळलेला तेवढा दिसला? अक्कल काय चरायला गेली होती तुझी?"

तेवढ्यात भाचीने आत्याच्या ओढणीचं टोक ओढलं.

"आत्या, ते कडेची बटणं दाबतात."

"कोण?"

"बुवा. आम्हाला कोचाच्या पायाशी डोकं टेकवायला लावतात ना, तिथून फडक्याच्या आतलं सगळं दिसतं. दोन बटणं एकदम दाबतात, मंत्र संपेपर्यंत सोडतच नाहीत."

"बघू नका म्हणाले होते ना?"

"म्हणून तर बघितलं."

आत्याला त्या रागातही हसू फुटलं. तिने आपलाच फोन काढला आणि कडेची दोन बटणं दाबून धरली. काहीच होईना. ती सोडणार तोच पोरगी म्हणाली, "सोडू नको. मंत्र लांब असतो." आणि खरंच, पडदा काळा झाला, थोड्या वेळाने कंपनीचं चिन्ह उगवलं आणि फोन नव्याने सुरू झाला. मंत्र म्हणजे नुसतं घड्याळ होतं तर.

आत्या काही बोलणार, तोवर बुवांनी पोरीला पुढे बोलावलं. भाऊ तिला घेऊन गेला. पोरगी वाकली, तिचं अंग ताठ झालं, आणि ती कोचापाशीच कोसळली. हातपाय झटके देऊ लागले.

"कुणी हात लावू नका," बुवा कडाडले. "जड बाहेर पडतंय." आणि त्यांनी ते मखमली फडकं पोरीच्या तोंडावर टाकलं. कुणीतरी दातांत घालायला चमचा घेऊन धावलं.

आत्या माणसं तुडवत पुढे गेली. फडकं तिने भिरकावलं. चमचा हिसकावला.

"तोंडात काही घालायचं नाही. हातपाय दाबायचे नाहीत. व्हा मागे."

तिने पोरीला कुशीवर वळवलं, ओढणीची घडी डोक्याखाली सारली, गळ्याशी कपडे सैल केले आणि घड्याळावर नजर ठेवली. भावाला म्हणाली, "पाच मिनिटांत थांबली नाही तर ॲम्ब्युलन्स बोलवायची. फोन हातात धर." बुवांचा मंत्र वरून चालूच होता. हळूहळू झटके ओसरले. पोरीने मोठा श्वास घेतला.

"बुवांची कृपा," मागून कुणीतरी म्हणालं, आणि शंभर हात जोडले गेले.

तेव्हा मात्र आत्याचा बांध फुटला.

"कृपा कसली? फिट बहुतेक वेळा आपली आपण थांबते. हा मंत्र म्हणत होता, ती थांबली. कावळा बसायला अन् फांदी मोडायला एकच गाठ. गोळ्या एकाएकी तोडल्या की न थांबणारी फिट येऊ शकते, आणि त्यात माणूस जातो. वॉर्डात अशी पोरं मी या हातांनी झाकली आहेत. तेव्हा हे असले बुवा कधी भेटायला आले नाहीत."

"ही बाई नास्तिक आहे," बुवा म्हणाले. "फोन कुणी चालू केले, विचारा तिला."

आत्या पोरीजवळून हलली नाही. शेजारच्या सुताराच्या हातात एक थिजलेला फोन होता.

"दादा, कडेची ही दोन बटणं दाबून धरा. सोडायची नाहीत. आणि सातचा पाढा म्हणा."

"सातचा नाही येत," सुतार ओशाळून म्हणाला.

"मग दोनचा म्हणा."

"बे एके बे, बे दुणे चार," सुताराने सुरू केलं. पाढा पुरा व्हायच्या आत पडदा काळा झाला, मग उजळला. सुतार तोंड उघडं टाकून बघत राहिला.

"हा माझ्या जागेचा प्रभाव," बुवा म्हणाले, पण आवाजातली हवा गेली होती.

"असं? मग रस्त्यावर जाऊन बघते," शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या आणि कुणाचा तरी थिजलेला फोन घेऊन जिना उतरल्या. त्या परत आल्या तेव्हा फोन वाजत होता.

"कंपनीनेच केलेली सोय आहे ही," आत्या म्हणाली. "पडदा हलत नसला तरी बटणं ऐकतात. कुठे एक दाबायचं, कुठे दोन. आपण चटकन सोडतो म्हणून जमत नाही. पाणी गेलेला फोन असा उठत नाही, तो दुरुस्तीवाल्याकडे न्या. आणि पोरीला बटण नसतं रे. तिला डॉक्टर लागतो."

हे शेवटचं भावासाठी होतं. तो पोरीच्या पायाशी बसला होता.

"गोळ्या मी गटारात टाकल्या, ताई," तो म्हणाला. "बुवांनी माझ्या हातानेच टाकायला लावल्या."

"मग आता त्याच हातांनी तिला उचल. दवाखान्यात जायचंय."

मागे हॉलमध्ये बुवांचा कोच रिकामा झाला होता आणि लोक एकमेकांना बटणं दाखवत होते. काही जण अजूनही हात जोडून बसले होते. त्यांची आत्याला सगळ्यात जास्त चीड आली.

गाडीत पोरगी बराच वेळ गुंगीत होती. दवाखाना जवळ आला तेव्हा तिने विचारलं, "आत्या, एवढी माणसं वाकली होती. मग मलाच कसं दिसलं?"

"बाकीच्यांनी डोळे मिटले होते," आत्या म्हणाली.

पुढे गाडी चालवणाऱ्या बापाने ते ऐकलं आणि गाडी थेट दवाखान्याच्या दारात नेली. डोकं टेकवायचं तर खुशाल टेकवा, बाबांनो, पण डोळे उघडे ठेवा. आणि बघू नका असं जो सांगेल, त्याच्या हातांकडे आधी बघा.