हँडलला अडकलेला धागा

मित्रांनो, मी एक जुनी रेसिंग सायकल आहे. हैदराबादला, विद्यानगरातल्या एका घराच्या व्हरांड्यात मी दोन खिळ्यांवर टांगलेली असते. माझं वय झालं, रंग उडाला, पण एक आवाज मी विसरले नाही. तो आठवला की आजही माझ्या तारा शहारतात.

लुधियान्याच्या एका कारखान्यात माझ्या नळ्या जोडल्या गेल्या. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, घंटी नाही, स्टँडसुद्धा नाही. गल्लीतल्या दूधवाल्यांच्या सायकली मला हसायच्या. ही बया उभी तरी कशी राहणार, म्हणायच्या. खरंच होतं ते. मला भिंत लागते, नाहीतर वेग लागतो.

वेग मला गौतमने दिला. गौतम सिकंदराबादला रेल्वेच्या कचेरीत कारकून होता. रोज उजाडायच्या आत आम्ही घटकेसरच्या रस्त्याला लागत असू आणि त्याच्या ऑफिसच्या वेळेला परत येत असू. रविवारी दहाबारा जण जमत. कोणी बँकेत, कोणी फौजेत, कोणी मास्तर. पण खोगिरावर बसले की सगळ्यांना एकच वेड. एकदा शर्यतीच्या आधी गौतमने पायांवरचे केस वस्तऱ्याने काढले. त्याची आई कोंडाबाई ते बघून हबकलीच.

"अरे बाबा, हे काय करून बसलास? लोकं काय म्हणतील?"

"आई, पडलो तर जखम लवकर धुता येते."

"म्हणजे पडायचं ठरवूनच जातोस का रे?"

हे ऐकून त्याच्या बायकोचा चेहरा पांढरा पडला. तिचं नाव प्रणिता. उस्मानिया विद्यापीठाची बी.एस्सी. होती ती. दहा महिन्यांची सुमेधा सतत तिच्या कडेवर असे. प्रणिताला सगळ्याचीच काळजी. पाणी दोनदा उकळायची. पोर झोपलं की त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. गॅस बंद केला का, हे बघायला रस्त्यातून परत फिरायची. त्यामुळे घरात तिचं कोणी मनावर घेत नसे. लक्षात ठेवा, मित्रांनो, पुढे हेच महागात पडता पडता राहिलं.

त्या सुमारास देशाचा बाजार उघडला आणि आबिड्सच्या दुकानांत परदेशी वस्तू येऊ लागल्या. हँडलला अंगाशी जोडणारा जो तुकडा असतो ना, ती आमची मान. माझी मान पोलादाची होती. गौतमने ती काढून बिस्किटांच्या डब्यात घातली, डबा माळ्यावर टाकला आणि मला परदेशी, हलकी, चांदीसारखी चकचकीत मान बसवली. मला काय मिरवावंसं वाटलं म्हणून सांगू!

तेवढ्यावर थांबला असता तर बरं. पण आबिड्सच्या फूटपाथवर रविवारी जुनी पुस्तकं मांडतात, तिथे त्याला एक परदेशी मासिक मिळालं. त्यात मोठमोठ्या शर्यतींच्या सायकलींचे फोटो होते, आणि वजन कमी करायला त्यांच्या भागांना भोकं पाडलेली होती. झालं! गौतम मला घेऊन मोईनभाईंच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात. मोईनभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"मियाँ, इत्ते सुराखाँ कायकू? मच्छर पालते क्या?"

तरी त्याने हट्टाने ब्रेकच्या मुठींना, दातेरी चक्राला आणि माझ्या नव्या मानेलाही भोकं पाडून घेतली. घरी येऊन आईला ऐटीत सांगितलं, "साठ ग्रॅम कमी झाले!"

"बिचाऱ्या सायकलीची चाळणी करून आणलीस," कोंडाबाई म्हणाली. "त्यापेक्षा एक भाकर कमी खाल्ली असतीस तर?"

आम्ही दोन शर्यती जिंकलो. शोकेसमध्ये दोन कप आले. मग एके सकाळी चढावर गौतम उभा राहून हँडल खेचत असताना माझ्या मानेत टिक् झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा टिक्. त्यानेही ऐकलं. पेडल वाजतंय म्हणाला, तेल घातलं. मग सीटच्या दांडीला ग्रीस लावलं. मला कळत होतं कुठे दुखतंय ते. भोकाच्या कडेपासून केसाएवढी चीर रोज थोडी थोडी पुढे सरकत होती. पण सायकलीला बोलता कुठे येतं? मी फक्त टिक् टिक् करत राहिले. आणि रविवारी अनंतगिरीची शर्यत होती. घाट चढायचा आणि त्याच घाटाने सुसाट खाली यायचं.

शनिवारची दुपार. गौतमने सुमेधाला माझ्या दांडीवर बसवून गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. पोर खिदळत होतं. प्रणिता फाटकाशी उभी. "अहो, पुरे आता, ऊन लागेल तिला." प्रत्येक वळणाला माझी मान बारीकशी वाजत होती. माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

मग त्याने मला अंगणातल्या भिंतीला टेकवलं आणि जेवायला गेला. दोरी भरली होती, म्हणून प्रणिताने सुमेधाचा एक लंगोट माझ्या हँडलवर वाळत घातला. जुन्या धोतराचा, मऊ झालेला. तासाभराने तिने तो ओढला, तर निघेना. एक धागा माझ्या मानेपाशी अडकला होता. गुळगुळीत धातूला धागा अडकेलच कसा? ती खाली वाकली. धागा जिथे शिरला होता तिथे तिने नख फिरवलं. नख अडलं. पुन्हा फिरवलं. पुन्हा अडलं.

"अहो, लवकर बाहेर या!"

गौतम हात पुसत आला, बघितलं आणि हसला. "पॉलिशवर ओरखडा आहे गं. कायको परेशान होतेस?"

कोंडाबाई नातीला घेऊन उंबऱ्यावर आली. "परवा नव्या माठाला तडा गेला म्हणत होती. केस निघाला तो!"

प्रणिता रडली नाही, भांडलीही नाही. माझ्या मानेवर बोट ठेवून ती म्हणाली, "एकदाच. इथे, जागेवर. घाटात जेवढा जोर लावता तेवढा लावून दाखवा. काही झालं नाही तर उद्या पहाटे मी स्वतः डबा बांधून देते. एक शब्द बोलणार नाही."

"बरं बाई, हौ."

त्याने माझं पुढचं चाक भिंतीला टेकवलं, दोन्ही पाय जमिनीवर रोवले आणि सगळा भार हँडलवर टाकला. काही झालं नाही. "झालं समाधान?"

"चढावर खेचता तसं खेचा."

त्याने ब्रेक दाबून उजवीकडून खेचलं. डावीकडून खेचलं. पुन्हा उजवीकडून.

काड्!

मित्रांनो, हाच तो आवाज. हँडल त्याच्या हातात आलं, ब्रेकच्या वायरींना लोंबकळत. तो छातीवर भिंतीला आदळला, तळवे सोलले. त्या आवाजाची गंमत वाटून सुमेधाने टाळ्या पिटल्या.

गौतमने तुटलेला तुकडा वळवून बघितला. अर्धा भाग ताजा, चकाकणारा. उरलेला अर्धा काळपट, मळलेला. म्हणजे अर्धी मान कधीचीच तुटली होती. तो तिथेच भिंतीला टेकून बसला.

"सुमी कुठाय?" त्याने विचारलं.

ती त्याच्या समोरच आजीच्या कडेवर होती. त्याला दिसत नव्हती.

"सुमी कुठाय गं?"

प्रणिताने पोर त्याच्या मांडीवर ठेवलं, तेव्हा कुठे त्याने श्वास घेतला. कोंडाबाई घटाघटा पाणी प्यायली आणि सुनेला एवढंच म्हणाली, "तो माठसुद्धा बघते मी पुन्हा."

रविवारी गौतम शर्यतीला गेला, पण मित्राच्या जीपमधून, खिशात तो लंगोट घेऊन. घाटाच्या पायथ्याशी, शर्यत सुटण्यापूर्वी, त्याने प्रत्येकाला आपापल्या हँडलवरून तो फिरवायला लावला. सगळे खो खो हसले. "गौतमराव, धुतलाय ना?" कोणाच्याच सायकलीत काही निघालं नाही. पण फिरवला सगळ्यांनी.

माळ्यावरची पोलादी मान परत आली. तिच्यावर मी आणखी सात वर्षं घाट उतरले. पुढे मोटारसायकल आली, गौतमचे गुडघे कुरकुरू लागले आणि मी खिळ्यांवर चढले. माझ्यावर धूळ साचली. सुमेधा आता अकरा वर्षांची आहे. तिच्याकडे जाड टायरांची, डोंगरात चालवायची सायकल आहे. मौला अलीच्या टेकडीकडे निघण्यापूर्वी ती सायकलीवरून फडकं फिरवते, आणि प्रणिता फाटकाशी उभी राहून पुन्हा एकदा फिरवते. माझ्याकडे मात्र कोणी फिरकत नाही. थोडं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

शोकेसमध्ये त्या दोन कपांच्या मध्ये माझी तुटलेली मान ठेवली आहे. धागा अजून तिच्यात आहे.

म्हणून सांगते, मित्रांनो, आपल्या सायकलीवरून रोज हात फिरवा. आम्हाला बोलता येत नाही, आम्ही फक्त टिक् करतो. आणि घरात कोणी उगाचच घाबरत असेल, तर खुशाल हसा तिला. पण हसून झालं की उठा, आणि ती बोट दाखवते आहे तिथे एकदा नख फिरवून बघा.